संघटनेचा हजेरीपट
(नभोवाणीवरील भाषण)

ज्याने पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत घालविली, त्याची एक सवय निवृत्तीनंतरही सुटत नाही. ती सवय हजेरी घेण्याची. दारव्ह्यातील माझ्या घराच्या ओसरीवर आता वर्ग भरत नाही. दोन नातवंडे असतात, तीही बहुधा मोबाईलमध्ये मान घालून. तरी सकाळचे अकरा वाजले की मनातल्या मनात नावे पुकारली जातात. या हजेरीपटाने मला एक गोष्ट शिकविली. वर्गात कोण बसले आहे हे डोळ्यांना दिसते. कोण बसलेले नाही हे मात्र पट उघडल्याशिवाय कळत नाही. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो दिसावयास अगदी नवा आहे, परंतु त्याचे मर्म या जुन्या अनुभवात सापडते, असे मला वाटते.

डॉक्टर, वकील, अभियंते, परिचारिका, सनदी लेखापाल, शिक्षक अशी एका व्यवसायातील मंडळी आपापल्या संघटना स्थापतात. आपल्यासारख्या सुशिक्षित कुटुंबांत कोणी ना कोणी अशा एखाद्या संघटनेचा सभासद असतोच. पूर्वी संघटनेच्या चिटणिसाजवळ एक जाड वही असे. तीत सभासदाचे नाव, गाव आणि वर्गणी पोचल्याची तारीख एवढाच मजकूर. आता त्या वहीची जागा संगणकातील नोंदसंग्रहाने घेतली आहे. त्यालाच डेटाबेस म्हणतात. या संग्रहाचा उपयोग वर्गणीपुरता राहिलेला नाही. सभासदांना प्रश्न विचारून त्यांचे वेतन, कामाचे तास, अडचणी आणि मते यांची पाहणी करणे, आणि त्या पाहणीच्या आधारावर शासनाशी किंवा मालकांशी बोलणे, हे त्याचे मोठे कार्य होऊन बसले आहे.

त्याची रचना समजण्यास अवघड नाही. तीन पेट्या डोळ्यांपुढे आणाव्या. पहिल्या पेटीत सभासद कोण, कोठला, कोणत्या कामावर, ही माहिती. दुसरीत प्रश्नपत्रिका. तिसरीत आलेली उत्तरे. प्रत्येक सभासदास एक सांकेतिक क्रमांक दिलेला असतो. त्याच्या मोबाईलवर जी लिंक येते तीत तो क्रमांक दडलेला असतो, म्हणून एका माणसास दोनदा उत्तर देता येत नाही, आणि ज्यांचे उत्तर आले नाही त्यांनाच तेवढी आठवण पाठविता येते. उत्तरे आली की यंत्र क्षणात त्यांची बेरीज मांडते. शंभर जणांच्या उत्तरांचे जे काम आम्ही दिवाळीच्या सुटीत बसून करीत होतो, ते आता चहा निवण्यापूर्वी आटोपते. ही सोय खरी आहे आणि तिचे कौतुक मीही करतो.

परंतु अशा नोंदीचे मोल सोयीपुरते नाही. २०२० च्या सप्टेंबर महिन्यात, कोरोनाची साथ भरात असताना, कर्तव्य बजावीत असता किती आरोग्यसेवक मृत्यू पावले असा प्रश्न संसदेत आला. आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्यामुळे केंद्राकडे तशी माहिती एकत्र ठेविलेली नाही, असे उत्तर मिळाले. त्यानंतर लगेच इंडियन मेडिकल असोसिएशनने साथीत मृत्यू पावलेल्या ३८२ डॉक्टरांची यादी प्रसिद्ध केली. ही संघटना १९२८ साली कलकत्त्यास स्थापन झालेली. तिच्या पदरी सभासदांची नोंद आणि गावोगावच्या शाखा होत्या, म्हणून जे सरकारी दप्तरात एकत्र नव्हते ते तिला सांगता आले. आरोग्यसेवकांसाठी ५० लक्ष रुपयांचे विमासंरक्षण त्याच वर्षी मार्चमध्ये जाहीर झाले होते. अशा वेळी यादीत नाव असणे आणि नसणे यांत मागे राहिलेल्या कुटुंबाच्या दृष्टीने केवढे अंतर पडते, हे वेगळे सांगावयास नको. त्याचबरोबर हेही ध्यानात ठेवले पाहिजे की ती यादी डॉक्टरांची होती. त्याच वॉर्डात झटलेल्या परिचारिका, दारोदार फिरलेल्या आशाताई आणि रुग्णवाहिकेचे चालक यांचा हिशेब तीत नव्हता. ज्याचा पट, त्याचीच हजेरी.

दुसरे उदाहरण माझ्याच व्यवसायातले आहे, आणि ते सांगताना आजही मन जड होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशात पंचायतींच्या निवडणुका झाल्या. मे महिन्यात तेथील प्राथमिक शिक्षक संघाने मुख्यमंत्र्यांकडे १,६२१ नावे पाठविली. हे शिक्षक व शाळा-कर्मचारी निवडणुकीच्या कामानंतर कोरोनाने दगावले, असे संघाचे म्हणणे होते. शिक्षण विभागाने कळविले की निवडणुकीच्या कामावर मृत्यू पावलेले शिक्षक तीन आहेत. एकीकडे १,६२१, दुसरीकडे ३! यात कोणाची बेरीज चुकली होती असे नव्हे. विभागाने धरलेल्या नियमाप्रमाणे घरून कामास निघाल्यापासून घरी परतेपर्यंत जो मृत्यू होईल तोच कामावरील मृत्यू. आता हा रोग काही मतदानकेंद्रावरच जीव घेत नाही. तो माणसाबरोबर घरी येतो आणि दहा-पंधरा दिवसांनी आपला घाव घालतो. पुढे शासनाने नियम बदलला आणि कामाच्या तारखेपासून ३० दिवसांत झालेला मृत्यू ३० लक्ष रुपयांच्या साहाय्यास पात्र ठरविला. संघाने नावानिशी यादी केली नसती, तर नियमाची अपुरी व्याख्या इतक्या लवकर कोणाच्या नजरेस आली असती काय?

तात्पर्य, पाहणीतील पहिला प्रश्न सीमेचा आहे. कोणास आत धरावयाचे आणि कोणास बाहेर? आम्हा वऱ्हाडकडच्या माणसांस हा प्रश्न शेतावरून चटकन उमगेल. पीक-कापणीचा प्रयोग आपण पाहिला असेल. सबंध शेत कापून मोजणे शक्य नसते, म्हणून एक तुकडा आखून घेतात, त्यातील पीक कापून तोलतात आणि त्यावरून उताऱ्याचा अंदाज बांधतात. सातारा जिल्ह्यातील बुध गावी १९११ साली जन्मलेले आपले थोर संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४६ साली एक मार्मिक गोष्ट दाखवून दिली. तुकडा जितका लहान घ्यावा तितका उतारा फुगून येतो. का? तर आखलेल्या रेषेवरचे झाड आत की बाहेर असा संशय आला की कापणाऱ्याचा हात ते आतच ओढतो. मोठ्या तुकड्यात अशा चार झाडांनी बिघडत नाही. लहान तुकड्यात मात्र तीच चार झाडे सारा हिशेब फिरवितात. आमच्याकडे बांधाला धुरा म्हणतात. धुऱ्यावरच्या झाडाचा निवाडा आधी केला नाही, तर पिकाचा आकडा खरा निघत नाही. संघटनेच्या यादीतही असे धुऱ्यावरचे लोक पुष्कळ असतात. वर्गणी थकलेला सभासद, निवृत्त झालेला, बदली होऊन गेलेला, कंत्राटावर राबणारा. पाहणीचा निकाल पुष्कळदा यांच्याच आत-बाहेर असण्यावर अवलंबून असतो.

दुसरा प्रश्न मौनाचा. शितावरून भाताची परीक्षा करावी असे आपण म्हणतो, आणि ते योग्यच आहे; पण शिते एकाच बाजूची काढली तर करपलेला तळ कळत नाही. याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेत १९३६ साली घडले. ‘लिटररी डायजेस्ट’ नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षाच्या निवडणुकीपूर्वी सुमारे एक कोटी लोकांस मतपत्रिका धाडल्या. त्यांपैकी वीस लक्षांहून अधिक परत आल्या. त्यांवरून लँडन निवडून येणार असे भाकीत झाले. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्ये रूझवेल्ट यांनी जिंकली. पत्त्यांच्या याद्या टेलिफोनधारकांच्या आणि मोटारमालकांच्या होत्या. मंदीच्या त्या काळात गरिबाचे नाव तीत यावे कसे? शिवाय उत्तर पाठविण्याची तसदीही ज्यांना राग होता त्यांनीच अधिक घेतली. एवढा मोठा ढीग, पण एका बाजूचा!

हे मी पुस्तकात वाचले होते. वाचले होते, तरी चुकलो. साथीच्या काळात शाळा बंद होत्या. शिक्षकांच्या एका लहानशा संघटनेतील तरुण मित्रांनी ऑनलाइन अध्यापनाविषयी पाहणी काढली आणि वडीलधारा म्हणून निष्कर्ष वाचण्याचे काम मजकडे दिले. बहुसंख्य शिक्षकांना ऑनलाइन शिकविणे जमते, असा निकाल आला होता. तो मी मोठ्या समाधानाने वाचला. मागच्या बाकावरून अडाण नदीच्या खोऱ्यातील एका खेड्यात शिकविणारी एक तरुण शिक्षिका उठली आणि म्हणाली, “गुरुजी, जिथं रेंजच नाही, तिथल्या माणसानं ‘रेंज नाही’ हे तुम्हाला कळवावं कसं?”

सभा हसली. मला मात्र हसू आले नाही. आम्ही मोबाईलच्या जाळ्यातून विचारीत होतो की तुम्हास जाळे मिळते काय! पट उघडून गैरहजर कोण हे पाहावे, एवढे साधे काम पस्तीस वर्षे हजेरी घेतलेल्या माणसास सुचले नव्हते.

यावर उपाय आहे, आणि तो जुनाच आहे. हॅन्सन आणि हर्विट्झ या दोन अमेरिकन संख्याशास्त्रज्ञांनी १९४६ साली तो मांडला. टपालाने आलेली उत्तरे घ्यावी. ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांच्यातून काही नावे चिठ्ठ्या टाकून निवडावी आणि त्यांच्या घरी प्रत्यक्ष जावे. फळ्यावरच्या गणितासारखे पाहू. समजा, संघटनेचे सभासद ३०० आहेत. १२० जणांनी उत्तर दिले; त्यांपैकी ९० म्हणाले, जाळे चांगले आहे. म्हणजे शेकडा ७५. वर्तमानपत्रात हाच आकडा छापून येईल. आता गप्प राहिलेल्या १८० जणांतून ३० चिठ्ठ्या काढल्या, त्यांच्या गावी गेलो, आणि त्यांपैकी ९ जणच ‘चांगले आहे’ म्हणाले. तर त्या १८० पैकी सुमारे ५४ जणांना जाळे चांगले मिळते असे धरावे लागेल. ९० आणि ५४ मिळून १४४. म्हणजे ३०० पैकी शेकडा ४८. पंचाहत्तर कोठे आणि अठ्ठेचाळीस कोठे!

आम्हीही चिठ्ठ्या टाकल्या. तरुण मंडळी मोटारसायकलींवरून निघाली, मी एका दिवशी त्यांच्या मागे बसून गेलो. काही गावांत शिक्षक समाजमंदिराच्या ओट्यावर चार-चार मुलांना अंतरावर बसवून शिकवीत होते. काही ठिकाणी पालकांच्या हाती गृहपाठाचे कागद देत होते. त्यांस ऑनलाइन पाठाचे धडे नको होते. त्यांस छापील स्वाध्याय आणि शाईचे पैसे हवे होते. संघटनेने मग आपले मागणीपत्र बदलले.

तिसरी गोष्ट विश्वासाची. उत्तरपत्रिकेवर नाव नसले म्हणजे उत्तर गुप्त राहते, ही समजूत भाबडी आहे. केंद्र, माध्यम, विषय आणि स्त्री की पुरुष, एवढ्या चार रकान्यांचे कोष्टक मांडले की एखाद्या घरात एकच माणूस उरतो. मग नाव लिहावयास कशास हवे? तसे कोष्टक आमच्याकडूनही एकदा बाहेर गेले होते, आणि एका भगिनीस वरिष्ठांपुढे उभे राहून आपल्या उत्तराचा खुलासा करावा लागला. पुढच्या पाहणीस तिने उत्तर दिले नाही. तिच्या शाळेतील कोणीच दिले नाही. म्हणून नावांची पेटी आणि उत्तरांची पेटी वेगळ्या ठेवाव्या, त्यांना जोडणारी सांकेतिक यादी तिसऱ्याच विश्वासू हाती असावी, आणि ज्या रकान्यात माणसे फार थोडी पडतात तो छापूच नये. खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला, आणि २०२३ साली संगणकीय व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदाही संसदेने केला. ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी माहिती वापरावी, हे त्याचे एक मुख्य सूत्र आहे. वर्गणीसाठी घेतलेला मोबाईल क्रमांक विमा विकणाऱ्याच्या हाती जाणे, हा सभासदाचा विश्वासघात होय.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या मोबाईलवर अशी एखादी प्रश्नपत्रिका आज ना उद्या येईल, आणि ‘अमुक टक्के डॉक्टर असे म्हणतात’ असा मथळा तर रोजच्या पत्रात असतो. तेव्हा चार प्रश्न अवश्य विचारावे. पट किती जणांचा होता? धुरा कोठे आखला होता? गप्प राहिले त्यांच्याकडे कोणी गेले होते काय? आणि दिलेले उत्तर कोणाच्या कुलपात राहणार? ही उत्तरे समाधानकारक असतील तर पाच मिनिटे काढून आपले उत्तर जरूर द्यावे, कारण आपण गप्प बसलो की आपल्या वतीने दुसराच कोणी बोलतो.

माझ्यापुरते म्हणाल तर त्या दिवसापासून कोणताही टक्का ऐकला की मागच्या बाकावरची ती शिक्षिका मला उभी राहिलेली दिसते, आणि मी पट उघडून गैरहजरांची नावे शोधू लागतो.