मांजराच्या घमेल्यात काय घालावे?

रत्नागिरीतल्या जुन्या घरांच्या मागील दारी आगर असे. माडाच्या आळ्यातली भुसभुशीत माती उकरून मांजर आपला विधी उरके. सदनिकेतल्या मांजरासाठी मात्र कोपऱ्यात पसरट घमेले ठेवावे लागते. त्यात राख घालावी, वाळू घालावी, की भुसा?

याचे उत्तर मांजराच्या लघवीत आहे. मांजराचा पूर्वज कोरड्या प्रदेशातला. पाणी वाचवण्यासाठी त्याची मूत्रपिंडे लघवी फार घट्ट करतात, म्हणून तिच्यात युरिया भरपूर असतो. ताज्या लघवीला अमोनियाचा वास जवळजवळ नसतो. जीवाणूंचे युरिएज हे विकर युरियाचे विघटन करते, तेव्हा तो सुटतो. ओलाव्यात अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम आयन द्रावणातच राहतो, त्याला वास नाही. अमोनिया वायू उडून नाकाला झोंबतो. कोणते रूप किती, हे सामू ठरवतो. सामू ९.२५ च्या आसपास दोन्ही निम्मे-निम्मे. सामू ६ असेल तर वायू हजारात एक भागही नसतो; १० असेल तर चार-पंचमांशाहून अधिक.

चुलीची राख अल्कधर्मी असते. ती ओल शोषते हे खरे, पण अमोनियाला वायुरूपात ढकलते. राखेने वास मरतो ही समजूत म्हणूनच फसवी आहे. वर्गात हे सहज दाखवता येते. दोन परीक्षानळ्यांत चिमूट-चिमूट नवसागर घ्या. एकीत ओली राख, दुसरीत ओला काथ्याचा भुसा मिसळा आणि दोन्हींच्या तोंडाशी ओला तांबडा लिटमस धरा. राखेच्या नळीवरचा निळा होईल.

भाट्याच्या किनाऱ्यावरची वाळू मांजराला आवडते, पण तिच्या कणांत पाणी शिरत नाही. ते फटींतून तळाशी जाऊन साचते. भाताच्या तुसात सिलिका पुष्कळ, त्यामुळे तेही पाणी लवकर धरत नाही. लाकडाचा भुसा बरा. मात्र वाळवीनाशक लावलेल्या लाकडाचा नको, आणि धुळीसारखा बारीकही नको.

नारळाच्या सोडणातून काथ्या काढताना पडणारा तपकिरी भुसा आम्हांला सर्वांत योग्य वाटतो. रोपवाटिकांत तो कोकोपीट म्हणून मिळतो. स्पंजासारखा सच्छिद्र असल्याने तो स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरतो आणि सहसा किंचित आम्लधर्मी असतो. दोष एवढाच की तो पायांना चिकटून घरभर पसरतो. जाड भुसा मिसळल्यास हा त्रास कमी होतो. पावसाळ्यात त्याला बुरशी लागते; तेव्हा मे महिन्यातच कडक वाळवून डब्यात भरून ठेवावा.

दुकानातली माती हा प्रकार अमेरिकेतला. १९४७ साली मिशिगनमध्ये एडवर्ड लो यांनी वाळलेली शोषक माती, म्हणजे आपल्या मुलतानी मातीच्या जातीची, मांजरांसाठी विकायला सुरुवात केली. आजची गोळे होणारी माती बेंटोनाइटची असते. हे खनिज आपल्याकडे कच्छमध्येही निघते. पाणी शिरताच ते फुगते आणि ओला भाग अलगद उचलता येतो. सोय मोठी, पण ही माती कुजत नाही आणि शौचालयात टाकली तर नळ तुंबवते.

कुजणाऱ्या भुशाचे खत करावे काय? येथे सावध राहावे. टॉक्सोप्लाझ्मा या एकपेशीय परजीवीची लागण झालेले मांजर काही दिवस विष्ठेतून त्याची अंडीसदृश रूपे टाकते. ती एक ते पाच दिवसांत संसर्गक्षम होतात आणि ओल्या मातीत महिनोन्‌महिने टिकतात. घरगुती खताच्या खड्ड्यातली उष्णता त्यांना मारायला सहसा पुरत नाही. म्हणून हे खत भाजीला घालू नये. विष्ठा रोज उचलावी आणि हात साबणाने धुवावेत. गरोदर स्त्रीने हे काम दुसऱ्यावर सोपवावे, कारण त्या काळात प्रथमच लागण झाली तर गर्भाला धोका असतो.

घमेले साबण आणि गरम पाण्याने धुवावे, फिनाइलने नव्हे. फिनॉलवर्गीय पदार्थ निकामी करून शरीराबाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात दुबळी असते; पाय चाटताना ते विष त्याच्या पोटात जाते. भरण बदलताना जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत आठवडाभर घ्यावा. एकदम बदलले तर मांजर घमेले सोडून गादी निवडण्याचा संभव असतो.