खोलणे सोपे, जोडणे अवघड

एखादे यंत्र खोलून पाहण्याची हौस कोणाला नसते? बंद पडलेले घड्याळ किंवा जुना रेडिओ हाती आला, की त्याच्या पोटात काय दडले आहे हे पाहण्यासाठी बोटे शिवशिवू लागतात. खोलणे तसे फारसे अवघड नसते. खरी परीक्षा पुढे असते. सुटे झालेले सारे भाग पूर्ववत बसवून जो ते यंत्र चालू करू शकेल, त्यालाच ते कळले असे म्हणावे.

कोल्हापुरातील एका घराच्या अंगणात एक जुनी मोटार उभी होती. तिचे नाव प्रीमियर पद्मिनी. मूळ बनावट इटलीतील फियाट कंपनीची. परंतु १९६४ पासून ही मोटार मुंबईत कुर्ला येथील प्रीमियर कारखान्यात तयार होऊ लागली आणि १९७४ साली तिला पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या रस्त्यांवरील काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती सर्वांच्या परिचयाची होती. २०२३ साली त्या टॅक्सीने मुंबईचा निरोप घेतला.

अंगणातील ही मोटार आजोबांनी मोठ्या हौसेने घेतलेली. पुढे आजोबा निवर्तले आणि मोटारही थकली. सुरू केली की ती निळसर धूर ओकी आणि साध्या चढावरही दम टाकी. “भंगारात द्या,” असा सल्ला अनेकांनी दिला. परंतु वडिलांना तो मानवला नाही. त्यांनी आयुष्यात कधी इंजिन उघडले नव्हते. तरीही आपल्या मुलाच्या व मुलीच्या साहाय्याने ते घरीच दुरुस्त करावयाचे, असा त्यांनी निश्चय केला.

प्रथम रोगाचे निदान हवे. इंजिनातील प्रत्येक सिलिंडर म्हणजे ओतीव लोखंडाच्या ठोकळ्यातील एक गोल विहीरच होय. पद्मिनीच्या इंजिनात असे चार सिलिंडर असतात. प्रत्येकाचा व्यास ६८ मिलिमीटर आणि त्यात वर-खाली करणाऱ्या पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर असते. पिस्टन खाली येतो तेव्हा पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत ओढले जाते. वर जातो तेव्हा ते दाबले जाते. मग ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. पुन्हा वर जाताना तो जळका वायू बाहेर लोटतो. या वर-खाली धावण्याचे रूपांतर क्रँकशाफ्ट हा दांडा चक्राकार गतीत करतो. क्रँकशाफ्ट मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक पिस्टनला सेकंदात १०० वेळा, म्हणजे एकूण साडेसात मीटर धावावे लागते. इतक्या धावपळीने झीज होणारच!

पिस्टनच्या खाचांत लोखंडी रिंगा बसविलेल्या असतात. वरच्या रिंगा दाब अडवून धरतात; सर्वांत खालची रिंग सिलिंडरच्या भिंतीवरील जादा तेल खरवडून काढते. रिंगा आणि भिंती झिजल्या, की तेल वर चढून जळते आणि निळा धूर निघतो. दाबही निसटतो, म्हणून गाडीला चढ चढवत नाही.

निदान झाले आणि कामास आरंभ झाला. बॅटरीच्या तारा सोडविल्या. पेट्रोल, पाणी व तेल काढून घेतले. इंजिन भलतेच जड. ते साखळी-कप्पीने वर उचलले, आणि ते अधांतरी असेतो कोणी त्याच्याखाली हातदेखील घालावयाचा नाही, असा वडिलांचा दंडक होता.

मुलगा पान्याने नट-बोल्ट सोडवी आणि मुलगी वहीत नोंद करी. कोणता भाग कोठला, त्याचे तोंड कोणत्या दिशेला, कोणता बोल्ट लांब व कोणता आखूड, हे सारे ती लिही व आकृती काढी. प्रत्येक सिलिंडरचे भाग निरनिराळ्या डब्यांत ठेवून डब्यांवर क्रमांक घातले. “इतके कशाला लिहायचे? लक्षात राहील की!” असे मुलगा दोनदा म्हणाला. पण बहिणीने लिहिणे सोडले नाही.

त्यानंतर मापे घेतली. सिलिंडर वरच्या बाजूस अधिक झिजला होता, कारण तेथे उष्णता सर्वांत जास्त आणि तेल सर्वांत कमी पोहोचते. झीज जेमतेम पाव मिलिमीटर; पण इंजिनाच्या दृष्टीने ती फार झाली. सिलिंडर अचूक गोल कोरून मोठे करणे हे घरी होण्यासारखे काम नव्हे. ते गावातील यंत्रशाळेत करून घेतले आणि त्या मापाचे नवे पिस्टन आणले. आपल्याला काय साधेल आणि काय साधणार नाही, हे ओळखणे हाही कारागिरीचाच भाग आहे.

ठोकळा घरी परत आल्यावर तो पुनःपुन्हा धुतला. तेलाचे बारीक मार्ग तारेने व हवेच्या झोताने मोकळे केले. क्रँकशाफ्ट ज्या बेअरिंगांत फिरतो, त्यांना तो चालू इंजिनात प्रत्यक्ष टेकत नाही. दोहोंच्या मध्ये तेलाचा अतिशय पातळ थर असतो. त्या थरात वाळूचा एक कण शिरला, तरी बेअरिंगवर ओरखडे उठतात. म्हणून जोडणी चालू असताना अंगणात झाडू मारण्यासही मनाई होती.

क्रँकशाफ्ट जागेवर बसविला, बेअरिंगांना तेल लावले, वरून टोप्या घालून बोल्ट आवळले. आता तो हाताने सहज फिरावयास हवा होता. पण तो जागचा हलेना! वडिलांचा चेहरा उतरला. महिनाभराचे श्रम आणि यंत्रशाळेत मोजलेले पैसे वाया गेले की काय?

“बाबा, पाना लावून जरा जोर देऊ का?” मुलाने विचारले.

“नको. जोराने फिरविले तर बेअरिंग जाईल. आधी चूक शोधू.”

मुलीने वही उघडली. मधल्या टोपीच्या आकृतीत खुणेचा ठिपका पुढच्या बाजूस होता. प्रत्यक्षात तो मागच्या बाजूस दिसत होता. टोपी उलटी बसली होती! टोपी आणि ठोकळा कारखान्यात एकत्र जोडूनच कोरलेले असतात. त्यामुळे दिसावयास सारख्या असल्या, तरी एका टोपीची जागा दुसरीला चालत नाही आणि उलटी बसलेली टोपी दांड्याला चिमटा घेते. टोपी काढून सुलट बसविली. मुलाने हात लावताच क्रँकशाफ्ट अलगद फिरला. त्यानंतर “लक्षात राहील” हे शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहीत.

पुढचे काम सावधपणे झाले. तापल्यावर रिंग फुगते, म्हणून तिच्या दोन टोकांत किती फट आहे हे सिलिंडरमध्ये बसवून मोजले. वरचे हेड बसविताना बोल्ट मधून बाहेरच्या बाजूकडे, थोडे-थोडे करून आवळले. एकाच बाजूने आवळल्यास हेड वाकडे बसण्याचे भय असते. ठिणगीच्या तारा १-३-४-२ या क्रमाने जोडल्या.

इंजिन गाडीत चढले. पहिल्यांदा स्पार्क प्लग काढून ते नुसतेच फिरविले. तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा विझला. तेल सर्वत्र पोहोचल्याची ती खूण होती. मग प्लग बसवून किल्ली फिरविली. इंजिन एकदा कुरकुरले, थांबले; पुन्हा कुरकुरले आणि एका लयीत चालू लागले. आजी ओसरीवरून उठून अंगणात आली. निळा धूर निघाला नाही.

पहिले काही शे किलोमीटर मोटार बेतानेच चालविली, कारण नव्या रिंगांना सिलिंडरशी जुळून येण्यास अवधी लागतो. आता ती वही मोटारीतच असते. तिच्यावर तेलाचे डाग पडले आहेत; पण अक्षर न् अक्षर वाचता येते. पुढे कोणी हे इंजिन पुन्हा उघडील, तेव्हा त्याला अंदाजाने चालावे लागणार नाही.