अंमळनेरच्या वसतिगृहातले गुरुजी

साने गुरुजी म्हटले की डोळ्यांत पाणी, हे समीकरण आपण इतके घट्ट करून ठेवले आहे की त्या पाण्याआडचा कामसू माणूस दिसेनासा झाला. अश्रू पुसून जरा १९२४ सालच्या अंमळनेरकडे पाहावे. तत्त्वज्ञान मंदिरात अभ्यासासाठी आलेले पांडुरंग सदाशिव साने त्या वर्षी तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली.

घर सोडून आलेल्या मुलांना शिस्त कशी लावायची? छडी आणि दंड हा त्या काळचा हमरस्ता. गुरुजींनी तो धरला नाही. मुले शाळेत गेली की ते खोल्या झाडून ठेवत, विस्कटलेली अंथरुणे नीट करत, कुणाचे कपडे राहिले असतील तर धुऊन टाकत. बोलत काहीच नसत. दोन-चार दिवसांत मुलांनाच लाज वाटू लागे आणि केरसुणी आपोआप त्यांच्या हातात येई. जोडीला ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक, म्हणजे रोज हाताने लिहायचे! शाळेतले तास सांभाळून हे करणाऱ्याला हळवा म्हणून मोडीत काढणे मला तरी पटत नाही.

ही रीत त्यांनी शिक्षणशास्त्राच्या पुस्तकातून उचललेली नव्हती. ती दापोली तालुक्यातल्या पालगडच्या घरातली होती. खोतांचे घराणे, पण उतरती कळा लागलेले. पैसा गेला तरी वळण जाता कामा नये, ही आई यशोदाबाईंची धडपड. १९१७ साली ती गेली. १९३० मध्ये नोकरी सोडून गुरुजी सत्याग्रहात उतरले आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहून मोकळे झाले. त्या पुस्तकाबद्दल मराठी वाचकाला नव्याने सांगावे असे फारसे उरलेले नाही.

‘स्त्री जीवन’ मात्र फारसे कुणी उघडत नाही. जात्यावर दळताना बायका म्हणत त्या ओव्या गुरुजींनी गोळा केल्या, विषयवार लावल्या, त्यांवर लिहिले. माहेर, भाऊ, सासुरवास, बाळ, सणवार: शाळेची पायरीही न चढलेल्या बायकांचे हे वाङ्मय. एम. ए. झालेला मास्तर ते त्यांच्याकडून शिकून घेत होता. पुढे गिरण्या आल्या, जाती माळ्यावर गेली. तेव्हा असे संग्रहच हाताशी राहिले.

परंपरेवर एवढा जीव, पण ती दुसऱ्याला दाराबाहेर ठेवत असेल तर गुरुजी हट्टाला पेटत. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १ मे १९४७ पासून त्यांनी दहा दिवस उपवास केला. देव बाटेल म्हणणारे सनातनीही स्वतःला परंपरेचे राखणदारच म्हणवत होते. मंदिर खुले झाले.

१५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले. त्यातून पुतणी सुधाला लिहिलेली पत्रे येत: फुले, पाखरे, थोरांच्या गोष्टी, देशात काय चालले आहे ते. शाळा सुटून वर्षे झाली होती, मास्तरकी सुटली नव्हती. ११ जून १९५० ला गुरुजी गेले. ती पत्रे ‘सुंदर पत्रे’ या नावाने आजही मिळतात.