ओढा, सोडा, पण शिरोरेषा मोडू नका

गोंदिया जिल्ह्यात धान खरेदीचा हंगाम जवळ आला, की नोंदणीची अंतिम तारीख, खरेदी केंद्रांची यादी आणि लागणारी कागदपत्रे हे तपशील शेतकऱ्याला वेळेवर मिळणे निकडीचे ठरते. पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ यांच्यामार्फत येथे आधारभूत किमतीने धानाची खरेदी होते. एखाद्या सहकारी संस्थेला ही माहिती आपल्या संकेतस्थळावर द्यायची असेल, तर ते काम प्रोग्रॅमरकडे नव्हे, बहुधा कार्यालयातील लिपिकाकडे येते. त्याच्या हाती असते ते दृश्य स्वरूपात पान रचून देणारे प्लगइन. पान डोळ्यांसमोर ठेवायचे, मजकुराची वा चित्राची चौकट माऊसने ओढायची आणि हवी तेथे सोडायची, अशी ही सोय.

वर्डप्रेस ही मुक्त प्रणाली २००३ मध्ये आली. तिच्यासाठी एलिमेंटरसारखी प्लगइन २०१६ पासून लोकप्रिय झाली, तर डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेसने स्वतःच ठोकळ्यांवर आधारित संपादक दिला. संकेतस्थळ बांधणे त्यामुळे सुलभ झाले, यात शंका नाही. बांधलेले संकेतस्थळ चालवणे मात्र तितके सुलभ झाले नाही.

लिपिकाला बदलायची असते एक तारीख. पडद्यावर मात्र समासाचे अंतर, थरांचा क्रम, सावली, हालचाल अशी शेकडो नियंत्रणे उघडतात. चुकीची चौकट धरली गेली, की सबंध रकाना हलतो. पान बिघडण्याच्या धास्तीने मग दुरुस्तीच लांबणीवर पडते आणि जुनी तारीख तशीच राहते. यावर उपाय म्हणजे नेहमी लागणारी मोजकी नियंत्रणे समोर ठेवून बाकीची आड ठेवणे, मजकूर बदलणाऱ्याला रचनेस हात लावू न देणे आणि केलेला प्रत्येक बदल मागे घेण्याचा मार्ग ठळकपणे दाखवणे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'एसथ्रीवास' सेवेने जवळपास हीच वाट धरली. गोंदिया जिल्ह्याचे अधिकृत संकेतस्थळ या सेवेवर उभे आहे. तेथे साचे ठरलेले असतात. कल्पकतेला वाव कमी, पण चुकांनाही कमी.

मराठीपुरता प्रश्न याहून खोल आहे. या साधनांची मूळ घडण रोमन लिपीसाठी झाली. अक्षरांमधील अंतर वाढवण्याचे बटण इंग्रजी मथळ्याला शोभा देते. देवनागरीत मात्र त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्दाची अक्षरे सुटी पडल्यासारखी दिसतात. ओळींमधील अंतर कमी ठेवले, तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांवर चढतात, क्वचित कापलेही जातात. टंकांच्या लांबलचक यादीत देवनागरी असलेले टंक कोणते, हे बऱ्याचदा कळत नाही. 'मुक्त'सारखा देवनागरीसाठी घडवलेला टंक शोधण्यासाठी वापरणाऱ्याला त्याचे नाव आधीच ठाऊक असावे लागते! पानाची भाषा मराठी आहे, अशी नोंद करण्याची जागाही ठळक हवी. काही टंकांत 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे त्या नोंदीवरच अवलंबून असतात. कृतिदेवमध्ये टंकलिखित केलेला जुना मजकूर चिकटवला, तर पानावर निरर्थक रोमन अक्षरे उमटतात. तो ओळखून साधनाने तत्काळ सूचना दिली, तर लिपिकाचा बराच वेळ वाचेल. भाषा निवडताच लिपीला साजेसे अंतर आणि टंक आपोआप लागू व्हावेत, एवढी अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

माऊस न वापरू शकणाऱ्यांचे काय? वर्डप्रेसच्या नव्या संपादकाची २०१९ मध्ये स्वतंत्र तपासणी झाली, तेव्हा कीबोर्डवर आणि स्क्रीन-रीडरवर विसंबणाऱ्यांना त्यात अनेक अडचणी आढळल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार, जे काम ओढून होते ते न ओढता, साध्या क्लिकनेही करता आले पाहिजे. चौकटीशेजारी 'वर न्या' आणि 'खाली न्या' अशी दोन बटणे दिली, तरी हा निकष बऱ्याच अंशी पूर्ण होतो. हात थरथरणाऱ्या वृद्धाला किंवा मोबाइलवरून दुरुस्ती करणाऱ्याला त्यांचा उपयोग तेवढाच.

पानाचे वजन हाही सोयीचाच भाग आहे. अशा साधनांनी एका परिच्छेदाभोवती चौकटीत चौकट गुंफली, की पान जड होते. सालेकसा किंवा देवरीच्या दुर्गम गावात, क्षीण जाळ्यावर ते उघडता उघडता शेतकरी कंटाळतो. एलिमेंटरने २०२२ मध्ये रचनेची नवी पद्धत आणून हे थर कमी केले. जुन्या पद्धतीने बांधलेल्या पानांना मात्र तो लाभ आपोआप मिळत नाही.

सुधारणा कोठून सुरू करावी, हे ठरवायला मोठा खर्च लागत नाही. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००० मध्येच मांडले होते, की पाच जणांना साधन वापरताना पाहिले तरी बहुतेक दोष उघड होतात. पाच लिपिकांना खरेदी केंद्रांच्या यादीत एक नाव वाढवायला सांगावे आणि शेजारी बसून काहीही न सुचवता पाहावे. ते कोणत्या बटणावर अडतात, काय शोधतात आणि 'प्रकाशित करा' दाबण्यापूर्वी किती वेळ थबकतात, एवढे टिपून ठेवावे.