आठ मॅच, शून्य गोल!

प्रीमियर लीग बघणाऱ्या जुन्या खोडांसमोर ‘मॅट ल टिसिए’ एवढं नाव नुसतं टाका. पुढचा अर्धा तास तुम्हाला काही बोलावं लागणार नाही. साउदम्प्टनचा हा जादूगार १९८६ ते २००२ तिथेच खेळला. क्लबसाठी ४८ पेनल्टी मारल्या, ४७ गोल. आणि इंग्लंडकडून? ८ मॅच, गोल एकही नाही.

‘आळशी होता यार, बॉल गेला की धावायचाच नाही,’ असं एक पार्टी म्हणते. दुसरी म्हणते, मोठ्या क्लबात गेला असता तर पन्नास मॅच खेळला असता. मी दुसऱ्या पार्टीत. कारण ते आठही नीट आठ नाहीत! फेब्रुवारी १९९५ मध्ये डब्लिनला इंग्लंडच्याच प्रेक्षकांनी दंगल केली, मॅच २७ मिनिटांत गुंडाळली. तीही त्याच्या खात्यात.

एप्रिल १९९८ मध्ये इंग्लंड ‘बी’कडून रशिया ‘बी’विरुद्ध त्याने हॅटट्रिक ठोकली. तरी वर्ल्ड कपच्या टीममधून कट! कापणारा कोच कोण, तर ग्लेन हॉडल, ल टिसिएचा लहानपणापासूनचा हीरो. हॉडल स्वतः ५३ मॅच खेळला, तरी ‘एवढ्या टॅलेंटला कमीच खेळवलं’ अशी हळहळ त्याच्याबद्दलही असतेच. त्याला तरी कळायला हवं होतं ना, बॉस?

३० जून १९९८. सेंट एटिएन, समोर अर्जेंटिना. २-२, मग पेनल्टी शूटआउट. पॉल इन्स चुकला, डेव्हिड बॅटी चुकला. इंग्लंड आउट.