टर्बो गेला, पण कशानं?

स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, अर्टिगा, इंडिका व्हिस्टा, मांझा, पुंटो, लिनिया. बॉनेटवरचे बिल्ले वेगळे, पण या गाड्यांच्या बहुतेक डिझेल आवृत्त्यांच्या पोटात इंजिन एकच होतं: फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट. १२४८ सीसी, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह. पुण्याजवळच्या रांजणगावात ते बनायचं आणि मारुतीसाठी हरियाणातल्या मानेसरला. २००७ मध्ये डिझेल स्विफ्ट आली आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत हे इंजिन इतकं पसरलं की लोक गमतीनं त्याला देशाचं राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आले आणि मारुतीनं डिझेल बंद केलं. गाड्या मात्र रस्त्यावर आहेत. आता त्यांची इंजिनं एकेक करून कामाला निघताहेत.

लक्षणं बहुतेकांची सारखीच. गाडी चढाला ओढत नाही, मागून निळसर धूर येतो, शिट्टीसारखा आवाज वाढत जातो आणि एक दिवस दम जातो. मिस्त्री नळी काढतो, टर्बोच्या पंख्याला बोट लावून हलवून बघतो आणि म्हणतो, ‘साहेब, टर्बो गेला. कोअर टाकून देतो, संध्याकाळी गाडी न्या.’ स्वस्तात सुटलो असं वाटायला लावणारं हे वाक्य बऱ्याचदा सगळ्यात महाग पडतं.

टर्बो स्वतःहून क्वचितच मरतो. एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे, एवढंच ते यंत्र; या आतल्या जोडालाच कोअर म्हणतात. एक पंखा सायलेन्सरकडे निघालेल्या तापलेल्या धुरावर फिरतो, दुसरा बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्यानं १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं. मूळ कल्पना तेव्हापासून तीच आहे. छोट्या गाडीतल्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो. एवढ्या वेगात तो धातूला धातू टेकवून फिरूच शकत नाही. तो तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. हे तेल इंजिनाच्याच तळाच्या तेलाच्या चेंबरमधून बारीक नळीनं येतं आणि जाड नळीनं आपल्या वजनानं खाली परत जातं. म्हणजे टर्बोचं आयुष्य इंजिनातल्या तेलावर अवलंबून असतं. मल्टिजेटच्या चेंबरमध्ये तेल मावतं जेमतेम तीन लिटर. त्यातलं लिटरभर जळालं आणि पुढच्या सर्व्हिसपर्यंत कुणी तेल मोजायची पट्टी काढून बघितलीच नाही, की पुढचं सांगायला ज्योतिषी लागत नाही.

टर्बो जायची कारणं साधारण ठरलेली आहेत. तेल कमी पडलं, तेल घाण झालं, किंवा तेल पोहोचण्याच्या वाटेवरची जाळी तुंबली. खंबाटकी घाट तावातावानं चढायचा आणि वर ढाब्यावर वळून लगेच चावी फिरवायची, ही सवयही त्यातलीच. इंजिन थांबलं की तेल थांबतं, पण टर्बो लाल तापलेला असतो. आत अडकलेलं तेल जळून त्याचा कोळसा होतो, तो बारीक नळीत साठतो. मिनिटभर गाडी न्यूट्रलवर चालू ठेवली तर हा खर्च टळतो.

आणखी एक कारण आहे आणि गॅरेजात ते सर्रास सुटतं. सिलिंडर झिजला, रिंगा ढिल्या झाल्या, की ज्वलनाचा दाब खाली चेंबरमध्ये उतरतो. मिस्त्री लोक त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण काढलं की धुराचे फुत्कार येतात, ते हेच. चेंबरमध्ये दाब असेल तर टर्बोचं तेल खाली परतायला वाट मिळत नाही. मग ते सीलमधून बाहेर पडतं, हवेच्या नळीत जातं आणि जळतं. अशा इंजिनावर कोरा करकरीत टर्बो बसवला तरी तो पहिल्याच दिवशी तेल फेकणार. मग गिऱ्हाईक म्हणतं पार्ट डुप्लिकेट निघाला, दुकानदार म्हणतो बसवणाऱ्याची चूक. दोघंही चुकतात.

डिझेल गाडीत यातून एक भयंकर प्रकार उद्भवू शकतो. टर्बोतून आलेलं तेलच इंधन म्हणून जळू लागतं आणि इंजिन पिसाळल्यासारखं आपोआप वेग घेतं. चावी काढली तरी थांबत नाही. मॅन्युअल गाडी असेल तर ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं. बॉनेट उघडून हात घालायचा मोह आवरायचा.

म्हणून खिसा लहान असेल तर पहिला पैसा मोजमापावर घालावा, असं माझं ठाम मत आहे. आधी कॉम्प्रेशन टेस्ट. चांगल्या डिझेल इंजिनात आकडा २५ ते ३० बारच्या घरात येतो, पण चार सिलिंडरमधला फरक त्याहून जास्त बोलतो. मग सिलिंडरमध्ये बाहेरून हवा सोडून कान लावायचा. तेलाच्या झाकणातून सुसकारा आला तर रिंगा, सायलेन्सरमधून आला तर व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड पॅकिंग किंवा तडकलेलं हेड. एवढ्यानं इंजिन न उतरवताच अर्धा निकाल लागतो.

इंजिन उघडायचंच ठरलं, तर ते लेथवाल्याकडे जातं. कोल्हापूरच्या उद्यमनगरासारख्या, ऑइल इंजिनांवर वाढलेल्या वस्तीत या कामाचे जाणकार अजून आहेत. सिलिंडरचा बोअर वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा मोजायचा. सगळ्यात जास्त झीज वरच्या टोकाजवळ, पहिली रिंग जिथे वळते तिथे असते. बोअर गोल आणि सरळ असेल, तर नुसतं होनिंग करून नव्या रिंगा चालतात आणि मोठी बचत होते. तो अंडाकृती झाला असेल, तर रिबोअर आणि ओव्हरसाइझ पिस्टन याला पर्याय नाही. अंडाकृती बोअरमध्ये नुसत्या रिंगा टाकणं म्हणजे गाडी विकेपर्यंतची सोय. विकत घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

क्रँकचंही तसंच. त्याचे जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारे गोल भाग, मायक्रोमीटरनं मोजायचे. ते मापात असतील तर फक्त नवे बेअरिंग. चरे पडले असतील तर ग्राइंडिंग करून अंडरसाइझ बेअरिंग. नखानं चाचपून ‘चालतंय की’ म्हणणाऱ्या मिस्त्रीचा हात कितीही सराईत असो, इथे प्रश्न शतांश मिलिमीटरचा असतो.

मग काटकसर कुठे करायची? हे इंजिन लाखो गाड्यांत आहे, त्यामुळे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. अल्टरनेटर, स्टार्टर, ब्रॅकेट, मॅनिफोल्ड, फ्रंट कव्हर जुन्या बाजारातून घेतलं तर काही बिघडत नाही. क्रँक आणि हेड जुनं घेता येतं, पण मोजून आणि हेड दाबाखाली तपासून. अख्खा टर्बो बदलण्याऐवजी कोअर बदलणंही योग्य आहे, मात्र ते बॅलन्स केलेलं हवं. ९० पीएसच्या मॉडेलांत टर्बोच्या पाकळ्या मागेपुढे होतात. तिथे कोअर बसवल्यावर त्या पाकळ्यांची जुळवणी यंत्रावर करून घ्यावी लागते.

काही गोष्टींत मात्र हात आखडायचा नाही. हेडचे बोल्ट कोनात आवळून ताणले जातात, ते पुन्हा वापरू नयेत. तेलपंप, टायमिंग चेन, टेन्शनर, टर्बोला तेल देणारी नळी आणि जाळी नवी. जुना टर्बो फुटला असेल तर त्याचे तुकडे इंटरकूलरमध्ये बसलेले असतात आणि तेलातला धातूचा कीस ऑइल कूलरमध्ये. इंटरकूलर धुऊन, वाळवून, झटकून पुन्हा वापरता येतो. ऑइल कूलरच्या बारीक खणांतून मात्र कीस पुरता निघत नाही, तो बदलावा. इंजेक्टर टेस्ट बेंचवर तपासावेत. गळका इंजेक्टर नव्या पिस्टनला भोक पाडतो. तेल जळून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तुंबला असेल, तर तोही बघून घ्यावा, कारण धुराला वाट नसली की नवा टर्बो पुन्हा गुदमरतो.

कुर्ल्याच्या किंवा दिल्लीतल्या मायापुरीच्या बाजारातून अख्खं इंजिन आणणं अनेकांना सोपं वाटतं. कधी ते खरंच परवडतं. पण त्याचं चेंबर उघडून एखादं बेअरिंग बघितल्याशिवाय पैसे मोजू नका. इंजिनाचा नंबर बदलतो, त्यामुळे आरटीओत आरसीवर आणि विमा पॉलिसीत तशी नोंद करून घ्यावी लागते. विक्रेत्याकडून पक्की पावती नसेल तर तो सौदा सोडावा. आणि विम्यातून इंजिनकामाचे पैसे मिळतील या भ्रमात राहू नये. नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड धरलेले नसतात.

या सगळ्याआधी आरसीवरची मुदत बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. दोनच वर्षं उरली असतील आणि पत्रा खालून गंजला असेल, तर इंजिनावर पैसा घालणं हौस म्हणून ठीक, हिशेब म्हणून नाही.

इंजिन जुळल्यावर चावी मारायची घाई नको. टर्बोला तेल देणारी नळी जिथे जोडते, त्या तोंडात हातानं तेल ओतावं. इंधन तोडून नुसता स्टार्टर फिरवावा, तेलाच्या दाबाचा दिवा विझेपर्यंत. मग सुरू करावं. तासन्‌तास जागेवर चालू ठेवून रिंगा बसत नाहीत. त्यासाठी मध्यम भार हवा, म्हणून गाडी रस्त्यावर काढून वेग कमी-जास्त करत चालवावी. पहिलं तेल ५०० ते १००० किलोमीटरच्या आत काढून टाकावं आणि जुना फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून बघावा. त्यात चमकणारे कण दिसले, तर गाडी तिथेच थांबवा आणि बेअरिंग उघडायला सांगा. त्या टप्प्यावर क्रँक अजून वाचू शकतो.