करमणूक आणि फुरसत

करमणुकीचा विषय निघाला की वडीलधारी माणसे म्हणतात, 'आमच्या वेळचे आता काही राहिले नाही.' तरुण मंडळी विचारतात, 'तुमच्या वेळी होते तरी काय?' दोन्ही पक्ष हा वाद आवडीनिवडीचा म्हणून घालतात. माझ्या मते तो मुळात वेळेचा आहे. माणसाला फुरसत किती मिळते, कोणत्या घटकेला मिळते आणि कोणाबरोबर मिळते, यावर त्याची करमणूक ठरते. ठाणे, कल्याण, डोंबिवली या आपल्या कामगार-कारकुनांच्या गावांत हे फार स्पष्ट दिसते.

ही फुरसत आपोआप मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे हे 1848 साली ठाण्यात जन्मले. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा ठरलेली साप्ताहिक सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या, अर्ज केले, आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. पुढे 1934 च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याला 54 तासांची मर्यादा आली. 1946 साली ती 48 तासांवर आली आणि 1948 च्या कारखाना कायद्याने ती कायम केली. 1953 च्या कायद्याने कामगार कल्याणासाठी निधी उभा राहिला. कामगार, मालक आणि सरकार या तिघांच्या वर्गणीतून चालणाऱ्या कल्याण केंद्रांत नाट्यस्पर्धा होऊ लागल्या. यंत्रावर उभा राहणारा माणूस संध्याकाळी रंगमंचावर उभा राहू शकला, याचे कारण त्याची संध्याकाळ त्याच्या हाती आली होती.

आता आमच्या घरचाच दाखला देतो. आम्ही तीन भावंडे कल्याणच्या एका चाळीत वाढलो. वडील कारखान्यात तीन पाळ्यांत काम करीत. आक्का माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, दादा सहा वर्षांनी. सणावाराला एकत्र बसलो की कोणाचा काळ चांगला यावर आमचे हटकून भांडण होते. आक्काला रेडिओ आठवतो, दादाला नाटक, मला टीव्ही. एकाच घरातली, एकाच ताटात जेवलेली माणसे, आणि आठवणी अशा तीन तऱ्हेच्या! पुष्कळ विचार केल्यावर ध्यानात आले की या तिन्ही करमणुकी माणसाकडून वेगवेगळ्या गोष्टी मागतात.

रेडिओ फक्त कान मागतो. हात मोकळे सोडतो. म्हणूनच तो स्वयंपाकघराचा सोबती झाला. लोखंड्यांनी मिळवलेला रविवार गिरणीतल्या माणसाला मिळाला, घरातल्या बाईला मिळाला नाही. पोळ्या लाटताना, तांदूळ निवडताना जे ऐकता येईल तेवढीच तिची करमणूक. 'पुन्हा प्रपंच' मधले पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी आक्काला शेजाऱ्यांइतके ओळखीचे होते. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवरची 'बिनाका गीतमाला' लागे. तिची सुरुवात 1952 सालची. रेडिओला तेव्हा परवाना लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. वडिलांची रात्रपाळी असली की ते सकाळी येऊन झोपत, आणि दिवसभर रेडिओचा आवाज इतका बारीक ठेवावा लागे की आक्का संचाला कान लावून बसे. आमच्या घरी आवाजाची खुंटी कारखान्याच्या भोंग्यावर फिरत होती.

नाटकाचे तसे नाही. नाटक पुरी संध्याकाळ मागते, शिवाय दुसऱ्या दिवसाची सकाळही थोडी मागते. 1978 साली ठाण्यात मासुंदा तलावाकाठी गडकरी रंगायतन उभे राहिले. त्यापूर्वी चांगले नाटक पाहायचे तर आपल्याकडची माणसे बहुधा दादर गाठीत आणि परतीच्या शेवटच्या लोकलचा हिशेब मनात धरून बसत. दादा नोकरीला लागला तो पहिल्या पाळीत. सकाळी सातला कामावर हजर राहायचे म्हणून तो दुसऱ्या अंकानंतर निघून येई. कितीतरी नाटकांचे शेवट त्याने दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले आहेत, आणि तरी नाटकावर त्याच्याइतके प्रेम करणारा माणूस मी पाहिलेला नाही.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. आमच्या चाळीत बराच काळ एकच संच होता. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट आणि रविवारी हिंदी, म्हणून ज्यांचा संच त्यांच्या खोलीत सारी चाळ जमे. 1987 आणि 1988 साली रविवारी सकाळी 'रामायण' लागे तेव्हा रस्ते ओस पडत. टीव्ही डोळे मागतो आणि ठरलेली घटका मागतो. ती घटका सर्वांना एकदम मोकळी मिळत असे, कारण बहुतेकांची सुट्टी रविवारीच होती. आई मात्र दाराशी उभी राहून पाही. चुलीवरचे पाहायला तिला मध्येच जावे लागे. 'टीव्ही आला आणि बाईची करमणूक अर्धी झाली,' असे आक्का म्हणते. यावर मला आजवर उत्तर देता आलेले नाही.

त्यानंतर दोन गोष्टी घडल्या. 1991-92 पासून उपग्रह वाहिन्या आल्या आणि एकाच वेळी सारे एकच पाहतात हे संपले. दुसरी गोष्ट कामाची. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला; त्यानंतर गिरण्या गेल्या आणि आपल्या पट्ट्यातलेही अनेक कारखाने पुढे बंद झाले. कायम नोकरीच्या जागी कंत्राट आले. पहारेकरी, गोदामातला हमाल, घरपोच सामान देणारा मुलगा यांना बारा बारा तास राबावे लागते आणि सुट्टीचा वार ठरलेला नसतो. कल्याणहून मुंबईचे टोक सुमारे 54 किलोमीटर. धीम्या गाडीने दीड तासाच्या आसपास. बारा तास काम, तीन तास प्रवास, सात तास झोप. उरले दोन तास, आणि त्यात अंघोळ, जेवण, बाजार! या माणसापाशी पुरी संध्याकाळ नाही, ठरलेली घटकाही नाही. त्याच्यापाशी वेळेचे तुकडे आहेत. 2016 नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि मोबाइल नेमके तुकडेच मागू लागला. लोकलमध्ये टाळ घेऊन भजन म्हणणारी मंडळी अजून आहेत. पण भजनाला रोज तीच गाडी, तोच डबा आणि तीच माणसे लागतात. ज्याची पाळी रोज बदलते त्याला भजनमंडळ कसे सापडावे? तो कानात तार घालून बसतो. त्याला अभिरुचीहीन म्हणणे अन्यायाचे आहे.

मग गमावले काय? गाणी गेली नाहीत. उलट आक्काची सारी गाणी आज तिच्या हातातल्या फोनवर आहेत. गेली ती सामाईक घटका. आम्ही तिघे भांडतो, पण ज्याच्यावर भांडतो ते तिघांनाही ठाऊक असते. आमच्या मुलांना भांडायलाही सामाईक असे फारसे काही उरलेले नाही.

तरी निराश होण्याचे कारण नाही. डोंबिवलीत 1999 पासून गुढीपाडव्याची स्वागतयात्रा निघते. दिवाळीच्या पहाटे फडके रोडवर आणि ठाण्यात तलावपाळीवर तरुणांची दाटी होते. ही तीच मुले, जी एरवी मोबाइलमध्ये मान घालून बसतात म्हणून आपण बोल लावतो. त्यांना एकाच वेळी सुट्टी मिळाली की ती घराबाहेर पडतात, नटतात, भेटतात, गातात.

म्हणून करमणुकीचा दर्जा सुधारावा असे ज्यांना वाटते त्यांनी कामाच्या तासांकडेही पाहावे. आपल्या सोसायटीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला आठवड्याची सुट्टी मिळते काय, आणि ती त्याला आधी ठाऊक असते काय, एवढे तरी विचारावे. रविवारी एक वेळचा स्वयंपाक घरातल्या पुरुषांनी करावा. ज्यांनी इथे येऊन बसायला हवे होते असे पुष्कळजण या क्षणी कोणत्या तरी दारावर पहारा देत उभे आहेत. पुढल्या वसंतात त्यांतले थोडे जरी श्रोत्यांत आले, तरी या व्याख्यानमालेचे पुष्कळ काम झाले असे मी समजेन.